मदत हवी आहे: टीआरएक्सची सुपरचार्जर पुली बदलली, आता इंजिन टिकटिकतंय

केटीकर
ह्यूस्टनहून नमस्कार मंडळी. रॅम टीआरएक्स पिकअप ट्रक, २०२१ मॉडेल. सुपरचार्जरची (पट्ट्यावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) वरची पुली काढून दहा टक्के लहान बसवली. आठवडाभर सकाळी गाडी चालू केली की टिकटिक येते, पाच-सात मिनिटांनी बंद होते. शिवाय पूर्ण रेस दिली की ५,००० आरपीएमच्या पुढे ओढ कमी वाटते. बेअरिंग झिजलं का? शनिवारी गाडी लागणार आहे, लवकर सांगा. "पुली बदललीच कशाला" हे कृपया नको.

स्पॅनर सांगलीचा
किती मैल झालेत? ट्यून केली का, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलली का? पेट्रोल कोणतं? पुली कधी बसवली?

केटीकर
४१,००० मैल. पुली मार्चमध्ये. ट्यून अर्थातच केली, दुकानानेच फाइल दिली. प्रश्न आवाजाचा आहे, त्यावर बोला ना.

लाइटनिंगवाले काका
बाळा, थांब. माझ्याकडे २००३ ची फोर्ड लाइटनिंग होती. ५.४ लिटर, ईटनचा एम११२ सुपरचार्जर, कंपनीचे ३८० हॉर्सपॉवर. मी खालची पुली मोठी केली आणि पेट्रोलचा पंप तोच ठेवला. हवा वाढली, इंधन वाढलं नाही. वर्षभर मजा आली, मग एका उन्हाळ्यात कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) ब्लॉक फोडून बाहेर आला. आवाज आला की गाडी उभी करायची, एवढं ऐक.

डिझेलताई
काका, तुमचा रॉड आणि याची टिकटिक एका माळेत ओवू नका. रॉड बेअरिंग गेलं की आवाज जड, ठोकल्यासारखा येतो. तेल तापून पातळ झालं की तो वाढतो, लोड दिला की आणखी वाढतो. याचा आवाज बारीक आहे आणि तापल्यावर जातो. बहुतेक वेळा ते एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतं, म्हणजे इंजिनाला बोल्टने जोडलेली धुराची नळी. उष्णतेने बोल्ट तुटतो, फटीतून गॅस निसटतो, धातू तापून फुगला की फट मिटते. गार इंजिनवर टॉर्च घेऊन बघ, सांध्याशी काळी काजळी दिसेल.

पण झिजेची भीती खोटी नाही. या इंजिनात सुपरचार्जर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, २.३६ पट फिरतो, म्हणजे ६,२०० आरपीएमला साधारण १४,६०० फेरे. दहा टक्के लहान पुलीने ते १६,००० च्या वर जातात. मूळचा बूस्ट (हवेचा जादा दाब) ११ पीएसआय, तो वाढतो आणि हवा आणखी तापते. तापलेल्या हवेने नॉकिंग होतं, म्हणजे इंधन अवेळी आपोआप भडकतं, आणि पिस्टनच्या रिंगमधल्या कडा व रॉड बेअरिंग त्यानेच मार खातात. पुली स्वतः इंजिन झिजवत नाही, नॉकिंग झिजवतं.

गिरणीकर
मला ट्रकमधलं फार कळत नाही, पण पुलीतलं कळतं. आमची पिठाची गिरणी होती. वडिलांनी घाईच्या दिवसांत मोटरची पुली मोठी केली, जातं जोरात फिरलं. दळण लवकर निघालं, पण पीठ हाताला चटका देईल इतकं गरम. बायका तक्रार करायच्या की भाकरी थापताना फुटते. पट्टाही घसरायचा. वडिलांनी तो घट्ट ताणला, तर महिन्यात मोटरचं बेअरिंग ओरडू लागलं. वरच्या आरपीएमला ओढ कमी म्हणता, तर आधी पट्टा बघा. लहान पुलीवर पट्ट्याला धरायला जागा कमी असते.

स्पॅनर सांगलीचा
गिरणीकर बरोबर बोलले. पट्ट्याच्या खाचांना चमक आली असेल किंवा रबराची भुकटी पडली असेल तर घसरतोय. पण ताण वाढवत बसू नको, तो भार क्रँकच्या पुढच्या बेअरिंगवर येतो.

रानगवा
२०डब्ल्यू-५० तेल टाका. मी सगळ्या गाड्यांत तेच टाकतो, आवाज गायब.

डिझेलताई
कृपया टाकू नका. या इंजिनाला ०डब्ल्यू-४० सांगितलंय. झीज जास्त होते ती गार इंजिन सुरू होताना. तेव्हा जाड तेल वर पोचायला वेळ लागतो. आवाज दबला म्हणजे दुखणं गेलं असं नाही.

रानगवा
ताई, वीस वर्षं टाकतोय.

डिझेलताई
वीस वर्षांत सुपरचार्जरवाली किती इंजिनं होती?

पुणेरी थार
मध्येच विचारतो, थारच्या २.० टर्बो पेट्रोलला अशी पुली बसेल का?

स्पॅनर सांगलीचा
नाही. टर्बो एक्झॉस्टच्या गॅसवर फिरतो, त्याला पट्टाच नाही. वेगळा धागा काढा.

कायदेपंडित
वॉरंटीचं सांगतो. अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने केवळ बाहेरचा भाग लावला म्हणून कंपनी सरसकट वॉरंटी नाकारू शकत नाही. त्या भागाने बिघाड झाला हे तिला दाखवावं लागतं.

लाइटनिंगवाले काका
कागदावर बरोबर. पण कंट्रोलरमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) दुसरी फाइल दिसली की भांडत बसायची वेळ आपल्यावर येते.

केटीकर
वॉरंटी मी विचारलीच नाही! पट्ट्याच्या खाचा चमकतायत, हे मात्र खरं. आणि मागच्या महिन्यात न्यू मेक्सिकोला गेलो होतो, तेव्हापासूनच ओढ कमी वाटते. उंचीमुळे असेल का?

स्पॅनर सांगलीचा
ह्यूस्टनला परत आल्यावरही कमी आहे ना? मग उंची नाही. गाडीमागे काही होतं? पेट्रोल किती ऑक्टेनचं भरलं?

केटीकर
कॅम्पर होता, ६,००० पौंडांच्या आसपास. गाडीची मर्यादा ८,१०० आहे, म्हणून सांगायचं सुचलं नाही. तिकडे ९१ च्या वर मिळालं नाही, तेच भरलं.

डिझेलताई
आणि फाइल कोणत्या ऑक्टेनची?

केटीकर
९३.

डिझेलताई
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं रे. ९३ ची फाइल, टाकीत ९१ म्हणजे नॉकिंगला कमी दाद न देणारं पेट्रोल, मागे तीन टन आणि उन्हातले चढ. त्या प्रवासाचा लॉग (गाडीने नोंदवलेले आकडे) आहे का? नॉकमुळे टायमिंग (ठिणगीची वेळ) किती मागे ओढलं आणि इनटेक हवेचं तापमान किती, दोनच आकडे दे.

केटीकर
आहे, पण उघडून बघितला नव्हता. चढावर सहा अंशांपर्यंत मागे. हवा १७० फॅरनहाइट.

लाइटनिंगवाले काका
आता रेस देऊ नकोस.

डिझेलताई
कंट्रोलरने टायमिंग मागे घेतलं हे नशीब, त्यानेच इंजिन वाचवलेलं असू शकतं. पण आत काय झालं ते बघावं लागेल. प्लग काढ, पोर्सेलिनवर काळे किंवा चंदेरी ठिपके आहेत का बघ. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पिस्टनच्या कडा बघ. तेलाचा नमुना लॅबला पाठव. शिसं, तांबं, कथील वाढलेलं असेल तर बेअरिंग, ॲल्युमिनियम वाढलं तर पिस्टन. इंटरकूलरचा (इंजिनात जाणारी हवा गार करणाऱ्याचा) पंप चालतोय का, तेही तपास.

केटीकर
आज सकाळी बघितलं. ड्रायव्हरच्या बाजूच्या मॅनिफोल्डचा शेवटचा बोल्ट डोक्याशी तुटलाय, भोवती काजळी आहे. ताई, टिकटिक तीच. सात सिलिंडरचे प्लग स्वच्छ, आठव्याच्या प्लगवर बारीक काळे ठिपके आहेत. तेलाचा नमुना पोस्टात टाकला. रिपोर्ट येईपर्यंत जुनी पुली लावतोय, शनिवारी भाड्याची गाडी घेईन.

लाइटनिंगवाले काका
शहाणा आहेस. जुन्या पुलीला जुन्याच लांबीचा पट्टा लागेल, आताचा आखूड पडेल. फाइलही मूळची परत टाक, नुसती पुली बदलून चालायचं नाही.

डिझेलताई
आठव्या सिलिंडरचा कॅमेऱ्यातला फोटो इथे टाक. रिपोर्टची वाट बघू नकोस, तो आजच बघ.