प्रतिसाद: सावळी त्वचा आणि कर्करोग

'सावळ्या त्वचेला कर्करोगाचे भय नाही' हे विधान अपुरे आहे. त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनिन या द्रव्यामुळे उन्हाचा धोका कमी होतो हे खरे. परंतु तळपायावर किंवा नखाखाली होणाऱ्या मेलॅनोमाचा (त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगाचा) उन्हाशी फारसा संबंध नसतो, आणि भाजल्याच्या जुन्या व्रणात, वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेतही कर्करोग उद्भवू शकतो. बीड-हिंगोलीकडे रानात अनवाणी राबणाऱ्या माणसाच्या तळव्यावरचा वाढता काळा डाग कुरूप (भोवरी) समजून सोडून दिला जातो, याचे मला फार वाईट वाटते. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात पोहोचेपर्यंत तो पसरलेला असेल, तर शस्त्रक्रियेनंतरची जखम नुसत्या टाक्यांनी मिटत नाही. बहुधा मांडीच्या त्वचेचे कलम लावावे लागते, आणि ती पातळ त्वचा चालताना पडणारा भार तळव्याच्या त्वचेसारखा पेलत नाही.