मदत हवी आहे: तंबूत बसून बर्फातल्या भोकातला लगदा कशाने काढावा?

प्रश्न
गोठलेल्या सरोवरावर भोक पाडून मासे धरतो. ठिकाण अमेरिकेतलं मिनेसोटा, मिल लॅक्स सरोवर. दोघांचा कापडी तंबू, खाली तळ नाही. बर्फ ५० सेंमी, ऑगर (बर्फात भोक पाडायचं गिरमिट) बॅटरीवरचा, ८ इंची. भोक पडलं की गोळेवाल्याच्या चुऱ्यासारखा लगदा तोंडाशी दाटतो. हलका जिग (वजन लावलेला गळ) त्यावरच बसून राहतो. प्लॅस्टिकची पळी उणे २० ला दांड्यापाशी मोडली. जाणकारांनी सांगावं, पुऱ्यांचा झारा चालेल का?

प्रतिसाद १
चालेल, पण जरा खोलगट बघा. सपाट झाऱ्यावरून लगदा घसरतो. बुंदीचा झारा अजिबात नको: भोकं बारीक, लगदा अडकून तिथेच गोठतो. साधारण ८–१० मिमीची भोकं हवीत. स्टीलचाच घ्या, अ‍ॅल्युमिनियमचा वाकतो. घरच्या झाऱ्याचा दांडा आखूड असतो. त्याला लाकडी काठी बांधून ६० सेंमी करा, म्हणजे स्टुलावरून वाकावं लागणार नाही आणि हातमोजा भिजणार नाही.

वापरण्याआधी झारा पाण्यात क्षणभर बुडवा, भोकांतला बर्फ सुटतो. झटकायचा तो लाकडावर. बर्फाच्या कडेवर आपटलात तर झाऱ्याची कड दुमडते आणि मग भोकाच्या भिंतीला नीट टेकत नाही.

प्रतिसाद २
झारा शेवटी. आधी ऑगर. हिशोब करा: ८ इंची भोक, ५० सेंमी बर्फ म्हणजे १६ लिटर घट्ट बर्फ, आणि चुरा झाला की तो त्याहून फुगतो. एवढं पळीने कोण उपसणार?

आरपार गेल्यावर थांबू नका. पाती बर्फाच्या खाली उतरू द्या, मग ऑगर फिरता ठेवून सरळ वर ओढा. असं दोन-तीनदा. पाण्याबरोबर बहुतेक चुरा बाहेर पडतो. दोन मिनिटं थांबा, उरलेला तरंगून वर येतो, तेवढाच झाऱ्याने काढा. उलट फिरवून चुरा खाली ढकलता येतो, पण त्यातला बराचसा परत वर येतो, म्हणून मला तो उपाय अर्धवट वाटतो.

हे सगळं तंबू लावायच्या आधी. आत केलंत तर ते पाणी बुटांखाली पसरून गोठतं.

प्रश्नकर्ता
आणि तंबू लावल्यावर आणखी एक भोक हवं झालं तर?

प्रतिसाद २
५ गॅलनच्या बादलीचं बूड कापा. ती जागेवर ठेवून कडेने बर्फ दाबा, आणि तिच्यातून ऑगर घाला. चुरा बादलीतच साठतो, तो डबड्याने दुसऱ्या बादलीत भरून बाहेर टाका. आधी हीटर बंद, आणि वरचं कापड ऑगरपासून लांब आहे ना ते बघा.

प्रतिसाद १
एक राहिलं. काढलेला ओला लगदा तंबूच्या खालच्या कापडी झालरीवर टाकू नका. वाऱ्यासाठी झालर दाबायची असेल तर वरचा कोरडा, भुरभुरीत बर्फच घ्या. ओला लगदा कापडासकट गोठतो, निघताना ओढलंत की झालर फाटते. आणि वारा अडवायच्या नादात वरच्या खिडक्या बुजवू नका. हीटर चालू असताना त्या उघड्याच हव्यात.