मदत हवी आहे: कायटनच्या पट्टीला भोकं वरून की खालून?

आल्बनीकर_आई: लेकीचा प्रकल्प उद्या सकाळी द्यायचाय. जीवाश्म कायटनचं, म्हणजे त्या आठ पट्ट्यांच्या कवचाच्या समुद्री प्राण्याचं, मातीचं मॉडेल. आठ पट्ट्या कौलांसारख्या बसवून झाल्या, वाळतही आल्या. आता ही म्हणते प्रत्येकीला दोन भोकं हवीत. कुठे पाडू? आणि एका चित्रात दोनच कवचं आहेत! लवकर सांगा प्लीज.

खारेवारे: कुठला कायटन? "एक पक्षी हवाय" म्हटल्यासारखं झालं हे.

पेन्शनरकाका: कायटिन म्हणजे झुरळाचं कवच. त्याला भोकं नसतात.

दगडोबा: काका, ते कायटिन, हा कायटन. गोगलगायीच्या गोतातला, कवच चुन्याचं. ताई, जीवाश्म कुठला ते तरी सांगा.

आल्बनीकर_आई: अहो, इथल्या न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगाचा! टीचरने चिठ्ठीवर मॅथेविया लिहिलंय. मला वाटलं कायटन एकच असतो.

दगडोबा: हे आधी सांगायचं ना! भोकं खालून. पट्टी जाड, उंच, टोकदार करा आणि पोटाकडून दोन खोल बोगदे पाडा. 1885 साली वॉलकॉट या जीवाश्म-अभ्यासकाला हा टेरोपॉड, म्हणजे पोहणारी समुद्री गोगलगाय, वाटला होता. 1966 मध्ये योकेलसनने त्याला दोन कवचांचा ठरवून वेगळा वर्गच काढला, तुमचं ते चित्र त्याच समजुतीतलं. 1979 मध्ये रनेगर, पोजेटा वगैरेंनी त्याला कायटनांत आणलं.
आणि कौलं मोडा. आजच्या कायटनच्या पट्टीला खाली आर्टिक्युलामेंटम नावाचा थर असतो, त्याच्या जिभा पुढच्या पट्टीखाली सरकतात. मॅथेवियाला तो थरच नाही, म्हणून तो पॅलिओलोरिकाटात, म्हणजे जुन्या कायटनांच्या गटात.

खारेवारे: पॅलिओलोरिकाटा म्हणजे घरातला माळा. जे कुठे बसत नाही ते वर टाका. शिवाय आठचा हट्ट कशाला? इंडियानाच्या कार्बोनिफेरस काळातल्या खडकात सापडलेल्या पॉलीसॅकॉस या जीवाश्म कायटनला 17 पट्ट्या आहेत, 2004 मध्ये छापून आलंय. मॅथेवियाच्या पट्ट्या तर सुट्याच मिळतात, मोजणार कशा?

दगडोबा: 17 चं आज रात्री नको हो, बाईंना झोपायचंय.

सुगरण७२: माती कशाला? दोन वाट्या मैदा, एक मीठ, एक पाणी. तडकत नाही.

मालवणची_लाट: आमच्याकडे खडकाला चिकटलेले असतात हे. नखाने सुटत नाहीत. सुरी घालून काढला की पैसा किड्यासारखा वळून बसतो.

भुकेला_भाऊ: खातात का?

पेन्शनरकाका: झुरळ?

आल्बनीकर_आई: पेन्सिलीने खालून भोकं पाडली. बोगदा खोल गेला आणि एक पट्टी फुटली. सातच उरल्या, रात्रीचे साडेअकरा वाजलेत.

खारेवारे: सुट्याच मिळतात म्हटलं ना! डब्यात वाळू घाला, वर सात पट्ट्या विखरा. फुटलेलीचे तुकडेपण टाका.

पेन्शनरकाका: झुरळाला भोकं नसतात हे मात्र खरं.

दगडोबा: असतात काका, कुशीला. श्वास त्यातूनच घेतं ते.