मदत हवी आहे: मणक्यातला डाग म्हणजे कॅन्सर पसरलाच असं असतं का?

आईच्या स्तनाच्या कॅन्सरचे उपचार पूर्ण झालेत. आता पाठदुखीसाठी काढलेल्या एमआरआयमध्ये एल३ (कमरेच्या तिसऱ्या) मणक्यात डाग दिसलाय. रिपोर्ट म्हणतो, 'अ‍ॅटिपिकल हिमँजिओमा किंवा मेटास्टॅसिस', म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, पण नेहमीसारखी न दिसणारी, किंवा पसरलेला कॅन्सर. साधा हिमँजिओमा त्यातल्या चरबीमुळे टी१ आणि टी२ (एमआरआयच्या दोन प्रकारच्या प्रतिमा) दोन्हींवर पांढरा दिसतो. आईचा टी१ वर काळा आहे, म्हणून शंका. श्मोर्ल नोड (मणक्यात घुसलेला चकतीचा भाग), मोडिक बदल (चकतीच्या झिजेसोबत शेजारच्या हाडात होणारे बदल), हाडं ठिसूळ झाल्यानं झालेलं ताजं फ्रॅक्चर हेही असंच चकवतात म्हणे. आई रात्रभर जागी असते, सुईला तर फारच घाबरते. त्यामुळे थेट बायोप्सीआधी सीटी किंवा केमिकल शिफ्ट एमआरआयनं (डागात चरबी आहे का ते दाखवणारा एमआरआय) उलगडा होतो का? कुणाच्या घरी असं झालं असेल तर आधी कोणती तपासणी केलीत? जुने स्कॅन सोबत दाखवून दुसऱ्या रेडिओलॉजिस्टचं मत घेतलंत का? कृपया सांगा.