मदत हवी आहे : एफवायनंतर पुण्याहून मुंबईच्या कॉलेजात जायचंय, एलसी आधी काढू की प्रवेश आधी?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजात बी.कॉम.चं पहिलं वर्ष झालंय. वडिलांच्या बदलीमुळे एसवाय मुंबई विद्यापीठातून करायचंय. इथली एसवायची फी भरलेली आहे. ऑफिसात म्हणतात, आधी एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) न्या. जाणकारांनी कृपया क्रम सांगावा. फी परत मिळेल का?

प्रतिसाद १
एलसी इतक्यात काढू नका. ती घेतली की इथलं नाव पटावरून कमी होतं. तिकडे नंतर 'जागा नाही' म्हणाले तर वर्ष हातचं जाईल. आधी नव्या कॉलेजकडून प्रवेश देत असल्याचं पत्र सही-शिक्क्यासह घ्या. जाताना दोन्ही सेमिस्टरच्या गुणपत्रिका आणि एफवायचा अभ्यासक्रम, श्रेयांकांसकट (विषयांच्या क्रेडिट्ससकट), न्या. विद्यापीठ बदलतंय म्हणून विषय जुळवून पाहतात, आणि गाडी अडते ती बहुतेक इथेच. न जुळलेला विषय तिकडे जादा द्यावा लागू शकतो, तेव्हा कोणता ते लेखी विचारून घ्या.

पत्र आलं की नो ड्यूजचा (कॉलेजचं काही देणं बाकी नसल्याचा) फॉर्म. लायब्ररीपासून सुरुवात करा, पुस्तक नाहीतर दंड तिथेच निघतो. बोनाफाईड लागणार असेल तर एलसीआधीच काढा. एलसी खिडकीपाशीच वाचा : नाव, जन्मतारीख, जात अक्षरन् अक्षर बारावीच्या कागदांशी जुळायला हवी. मूळ प्रत नव्या कॉलेजात जमा होते, म्हणून आधी चार-पाच झेरॉक्स आणि एक स्कॅन करून ठेवा.

मायग्रेशन (विद्यापीठ बदलण्यासाठीचा दाखला) कॉलेज देत नाही, पुणे विद्यापीठ देतं. त्या अर्जाला एलसीची प्रत लागते, म्हणून ते शेवटी.

प्रतिसाद २
फीबद्दल. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश सोडला तर १०० टक्के (त्यातून प्रक्रिया शुल्क फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ५,००० रुपये), १५ पेक्षा कमी दिवस आधी ९०, तारखेनंतर १५ दिवसांत ८०, तीस दिवसांत ५०, पुढे काही नाही. अनामत रक्कम यात धरत नाहीत, ती पूर्ण परत मिळते. तेव्हा नव्या कॉलेजचं पत्र हाती आलं की त्याच दिवशी प्रवेश रद्द करण्याचा अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही. अधिसूचनेनुसार मूळ गुणपत्रिका कॉलेजला अडवून ठेवता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

प्रतिसाद ३
डिजिलॉकरमधून एबीसी (श्रेयांक जमा होतात ती ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खातं उघडून एफवायचे श्रेयांक दिसतात का ते पाहा. दिसत नसतील तर जुन्या कॉलेजच्या परीक्षा विभागामागे आत्ताच लागा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती असेल तर तिथल्या प्रोफाईलमध्ये कॉलेज बदला, नाहीतर अर्ज जुन्याच कॉलेजच्या लॉगिनला जातो.

प्रश्नकर्ता
खूप आभार. मायग्रेशन यायच्या आत तिकडची मुदत संपली तर?

प्रतिसाद १
मायग्रेशनच्या अर्जाची पावती आणि 'अमुक दिवसांत सादर करतो' असं हमीपत्र द्या, त्यावर तात्पुरता प्रवेश देतात का विचारा. पण मग विसरू नका. मायग्रेशन पोचेपर्यंत पात्रता कायम होत नाही, आणि त्यापायी निकाल राखून ठेवला जाऊ शकतो.