मदत हवी आहे: पेशीपटल मीठ आत सोडत नाही, मग खारातली कैरी बाठ्यापर्यंत खारट कशी होते?

खाडीकाठची आई

नमस्कार मंडळी. लेक यंदा अकरावी सायन्सला आहे, रोज एसटीने रत्नागिरीला जाते. माझं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठीतून झालं, तिचं सगळं इंग्रजीतून. तरी संध्याकाळी पडवीत बसून ती मला धडा समजावून सांगते, म्हणजे तिचा पक्का होतो. या वेळी मात्र आम्ही दोघी अडलो आहोत.

रविवारी आमटीसाठी खारातली कैरी काढली. वैशाखात अख्ख्या रायवळ कैऱ्या उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यात घातल्या होत्या, चिनी मातीच्या बरणीत, वर दगडाचं दडपण. आता श्रावणात बरणी उघडली. सालीवर बारीक सुरकुत्या, आतला गर मऊ. लेकीने बाठ्यालगतची फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, "आई, ही आतपर्यंत खारट आहे. मग पुस्तकात दिलंय ते कसं?"

तिचं म्हणणं असं. बाहेर मीठ जास्त असलं की पेशीतलं पाणी बाहेर येतं, हे परासरण. पटलातून, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातून, पाणी जातं, मीठ जात नाही, म्हणून तर पेशी आकसते. सुरकुत्यांचं कारण पटलं. पण मीठ जातच नसेल तर बाठ्यापर्यंत पोचलं कसं? आणि पटल जर स्निग्ध पदार्थाचं, म्हणजे तेलासारखं, तर त्यातून पाणी तरी कसं जातं? मला उत्तर देता आलं नाही. कोणी नीट समजावेल का? पुढच्या आठवड्यात तिची चाचणी आहे, पण त्याहीपेक्षा तिला हे मनापासून जाणून घ्यायचंय.

आगरातला

ताई, मिठाचे कण अगदी बारीक असतात. तीन महिने म्हणजे थोडा काळ नव्हे. हळूहळू पटलातूनही झिरपत असणार.

निवृत्त मास्तर

आगरातलेभाऊ, बारीकपणावर हे ठरत नाही. मीठ पाण्यात विरघळलं की सोडियम आणि क्लोराइड असे विद्युतभारित आयन वेगळे होतात. नुसता सोडियम आयन पाण्याच्या रेणूपेक्षाही लहान असतो. पण त्याच्यावर भार आहे, त्यामुळे पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी वेढून असतात. तो वेढा सोडून पटलाच्या तेलकट गाभ्यात शिरणं त्याला जवळजवळ अशक्य आहे. उलट ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड यांना भार नाही, ते सरळ पार होतात. त्याला साधं विसरण म्हणतात.

पाण्याचं थोडं वेगळं आहे. थोडं पाणी पटलातून तसंही जातं, पण बरंचसं जातं ते त्यासाठीच असलेल्या प्रथिनांच्या नळ्यांतून. या नळ्यांना अॅक्वापोरिन म्हणतात. त्या पीटर अॅग्रे यांनी 1992 च्या सुमारास ओळखल्या आणि 2003 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यात पेशीला ऊर्जा खर्च करावी लागत नाही, पाणी आपल्या उताराने जातं.

आता तुमच्या कैरीकडे येतो. ताई, लेकीला सांगा की पुस्तक बरोबर आहे आणि तिची जीभही बरोबर आहे. वनस्पतीच्या पेशीला पटलाबाहेर आणखी एक भिंत असते, पेशीभित्तिका. ती निवड करत नाही, मीठही आत सोडते आणि पाणीही. पेशी आकसली की पटल भिंतीपासून सुटतं आणि मध्ये जी जागा उरते तिथे बाहेरचंच खारं पाणी भरतं. (चाचणीत हे हमखास विचारतात.) म्हणजे पेशी जिवंत असतानाही मीठ भिंती-भिंतींतून, पेशींच्या मधल्या फटींतून पुढे सरकत असतं. माणसांच्या घरात न शिरता पाखाडीने गाव पार करावं तसं.

दुसरी गोष्ट काळाची. बरणीत मीठ, आंबटपणा आणि हवेचा अभाव, यात पेशी फार दिवस जगत नाही. ती मेली की पटल फाटतं, निवड संपते. मग मीठ मोकळेपणाने आत जातं, अगदी साध्या विसरणाने.

वेळ का लागतो तेही बघा. विसरणात अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. एका पेशीएवढं अंतर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, मीठ पापणी लवायच्या आत कापतं. एक सेंटिमीटर जायला मात्र साध्या स्थिर पाण्यातही नऊ-दहा तास लागतात. कैरीचा गर घट्ट, त्यावर सालीचं मेण, म्हणून अख्ख्या कैरीला जास्त दिवस लागतात आणि फोडी लवकर मुरतात.

सांगण्यावर विश्वास ठेवू नका, घरीच करून बघा. तवशाच्या, म्हणजे काकडीच्या, चकत्या वाटीभर पाण्यात चमचाभर मीठ घालून अर्धा तास ठेवा, मग गोड्या पाण्यात टाका. पेशी जिवंत असतील तर पाणी परत आत येईल. एक चकती आधी उकळून तीही ठेवा, आणि बरणीतली एक फोडसुद्धा.

तिवरांच्या गावची

मास्तर, मग खाडीतली तिवरं कशी जगतात? समुद्राच्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. परासरणाने त्यांचं पाणी बाहेर जायला हवं ना?

निवृत्त मास्तर

चांगलं विचारलंत. मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात. पानांतून बाष्प जातं, त्यामुळे खोडातल्या पाण्यावर मोठा ताण येतो आणि तो ताण मुळांतून पाणी वर ओढतो. तरी जे मीठ आत येतं ते तिवर पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. दुपारी पान चाटून बघा, खारट लागेल. मात्र ते बाहेर टाकणं आपोआप होत नाही, त्याला झाड ऊर्जा खर्च करतं. ऊर्जेशिवाय होणारं आणि ऊर्जा लागणारं, लेकीने हे दोन गट वेगळे ठेवावेत.

खाडीकाठची आई

मास्तर, काल दोघींनी करून बघितलं. परसातलंच तवसं होतं. मिठाच्या पाण्यातली चकती अर्ध्या तासात इतकी लुळी पडली की बोटाभोवती गुंडाळता आली. गोड्या पाण्यात तास-सव्वातास ठेवली आणि वाकवली तर कटकन मोडली. लेक ओरडलीच, "आई, जिवंत होती!" उकडलेली मात्र लुळी ती लुळीच.

बरणीतली फोडही तशीच मऊ राहिली. पण ती ज्या वाटीत होती ते पाणी चाखलं, तर चांगलं खारट झालेलं. पटल उरलं नाही म्हणून जसं आत गेलं तसं बाहेर आलं, हे लेकीने मला समजावलं, मी तिला नाही.

तिने भिंत आणि पटल यांच्यामधल्या जागेचं चित्र काढून त्यात निळ्या पेनने 'खारं पाणी' असं लिहिलंय, मराठीत. कुंडीत रिओचं झाड आहे, त्याचं एक जांभळं पान घेऊन उद्या कॉलेजात जाते म्हणते, सूक्ष्मदर्शकाखाली आकसलेल्या पेशी बघायला. मनापासून आभार, मास्तर.