चर्चा: कोरोनात आपलंच भागत नसताना केनियाच्या दुष्काळासाठी वर्गणी काढावी का?

इंदिरानगरकर (धागाकर्ता, सप्टेंबर २०२१)

अनंत चतुर्दशी झाली. यंदाही मिरवणूक नाही, मूर्ती चार फुटांचीच, आरतीला मोजकी माणसं. विसर्जनानंतर नाशिकमधल्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर मी एक प्रस्ताव टाकला आणि तेव्हापासून तिथे नुसती वादावादी चालू आहे. म्हणून इथे नीट मांडतो. मंडळाच्या शिल्लकेला हात लावायचा नाही. ज्याला मनापासून वाटेल त्याने शंभर-पाचशे रुपये केनियातल्या उपाशी लोकांसाठी द्यावेत, एवढंच.

८ सप्टेंबर २०२१ ला केनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. तिकडे वर्षातून दोनदा पाऊस येतो आणि उत्तरेकडच्या तुर्काना, मार्साबिट, वाजीर, मंदेरा या भागांत लागोपाठ दोन्ही हंगाम कोरडे गेले. सुमारे २१ लाख लोकांना पोटभर अन्न नाही. त्याआधी टोळधाड येऊन गेली होती. कोरोनामुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, त्या पूर्णपणे उघडल्या जानेवारी २०२१ मध्ये. तेवढा काळ शाळेत मिळणारं जेवणही बंद.

केनियाच का, असं ग्रुपवर विचारलं गेलं. मे महिन्यात आपल्याकडे दुसरी लाट होती तेव्हा केनियाने १२ टन चहा, कॉफी आणि शेंगदाणे रेडक्रॉसकडे पाठवले, आणि ते महाराष्ट्रात वाटण्यासाठी होते. त्यावर समाजमाध्यमांवर टिंगल झाली. मला ती फार लागली. ज्यांच्या शेतात जे पिकतं ते त्यांनी पाठवलं. आता त्यांच्यावर वेळ आली आहे आणि आपण गप्प बसलो तर ते मला बरं वाटणार नाही.

मखमलाबादकर

माझा स्पष्ट विरोध. जुलैमध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं, तळीये दरडीखाली गेलं. ती घरं अजून उभी राहिलेली नाहीत. आपल्याच जिल्ह्यात पेठ आणि सुरगाण्यात कुपोषित मुलं आहेत. द्राक्षबागायतदारांनी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माल मिळेल त्या भावात दिला, काहींनी बेदाण्याला घातला, ते कर्ज अजून फिटलेलं नाही. नाशिकच्या माणसाने आधी नाशिक जिल्हा पाहावा. एप्रिलमध्ये ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून याच शहरात एका दिवसात २२ रुग्ण गेले. त्या घरांत जाऊन कोणी विचारलं का, चूल पेटते का म्हणून?

सातपूरचा फिटर

माझ्याकडून पैसे नाहीत. कंपनीत ओव्हरटाइम बंद आहे, पगार कापून येतोय. शेजारच्या वहिनींचे मिस्टर एप्रिलमध्ये गेले, दोन मुली आहेत. सरकारची पाच लाखांची ठेव आई-वडील दोघेही गेलेल्या मुलांना. एकच गेला असेल तर ती ठेव नाही. आधी हे बघा.

इंदिरानगरकर

फिटरदादा, तुमच्यावर कसलीच सक्ती नाही, आणि वहिनींचं मी मनावर घेतो.

मखमलाबादकर, चिपळूणला आपल्याच मंडळाने धान्याचे किट पाठवले तेव्हा ते भरायला तुम्ही स्वतः उभे होतात. तेव्हा पेठ-सुरगाणा होतंच की. एका ठिकाणी दिल्याने दुसरीकडचा हात आखडतो असा माझा अनुभव नाही. देणारी माणसं सगळीकडे तीच असतात.

देवळालीचे आजोबा

माझं वय झालं आहे, म्हणून लिहितो. साठच्या दशकात रेशनवर पीएल-४८० चा, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखालचा, गहू यायचा. ७२ च्या दुष्काळात लाल मिलो (ज्वारीसारखं धान्य) आला, तोही तिकडूनच. खडी फोडायच्या कामावर माणसं सुकडी खाऊन दिवस काढायची. मिलोच्या भाकरीला चव नव्हती, ती थापताना तुटायची, पण लेकरं त्यावर जगली. बाहेरचं धान्य खाऊन आपण तगलो हे आमच्या पिढीने पाहिलेलं आहे.

मखमलाबादकर

आजोबा, मान राखून सांगतो. तो गहू धर्मादाय नव्हता. १९६६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी भारताला धान्याची जहाजं थोडी थोडी, हात राखून सोडली, आपली धोरणं बदलावीत म्हणून. मदतीला दोरी बांधलेली असते. म्हणूनच आपण हरितक्रांती केली. केनियालाही स्वतःच्या पायावर उभं राहू द्या. वर्गणीने कोणाचा दुष्काळ हटलेला नाही.

इंदिरानगरकर

दोरी सरकारांनी बांधली होती. माझ्या पाचशे रुपयांना कसली दोरी? आणि हरितक्रांतीचं पीक हाती येईपर्यंत माणसं जगली कशावर? त्याच गव्हावर.

तिकडची माणसं शेळ्या, उंट, गुरं पाळून जगतात. चारा संपला की जनावर वाळतं आणि त्याचा भाव पडतो. मका त्याच वेळी महाग होतो. म्हणजे एका शेळीत पूर्वी जेवढा मका यायचा त्याच्या निम्माही पदरात पडेना अशी वेळ येते. आपल्या दुष्काळी तालुक्यांत बैलजोडी मातीमोल भावात विकलेली माणसं आहेत, त्यांना हे समजावून सांगायला लागणार नाही. अशा वेळी हातात थोडी रोकड आली तर उरलेल्या शेळ्या विकाव्या लागत नाहीत, आणि पाऊस आल्यावर घर पुन्हा उभं राहतं. तिथे मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा सेवा २००७ पासून चालू आहे, उत्तरेकडच्या गरीब कुटुंबांना सरकारही थेट रोख मदत देतं. पायावर उभं राहणं म्हणता ते यातूनच होतं.

सीए, गंगापूर रोड

भावना बाजूला ठेवून नियम सांगतो, कारण यात मंडळं अडकतात.

गणपतीसाठी काढलेली वर्गणी दुसऱ्या कारणाला वळवू नका, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो. वेगळं आवाहन करून सगळ्यांचे पैसे एकाच्या खात्यात जमा करून परदेशी पाठवणंही टाळा. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात आणि त्यात देणगी बसते, पण ते पैसे तिचे स्वतःचे हवेत. नोंदणीकृत न्यासाने उत्पन्न भारताबाहेर खर्च केलं तर आयकराची सवलत अडचणीत येते. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकराची ८०-जी वजावट नाही. एफसीआरए हा परदेशी देणग्यांचा कायदा बाहेरून येणाऱ्या पैशांसाठी आहे, त्याचा इथे संबंध नाही.

सोपा मार्ग म्हणजे ज्याने त्याने स्वतःच्या कार्डाने थेट संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर द्यावेत. कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून आधी चालू करावा लागतो, काम झालं की बंद करा.

अंगणवाडीताई, पेठ

वर आमच्या तालुक्याचं नाव दोनदा आलं, म्हणून लिहिते.

आमच्याकडे मुलाच्या दंडाला गुंडाळायची एक पट्टी असते. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की लाल, म्हणजे तीव्र कुपोषित, आमच्या भाषेत सॅम. हीच पट्टी आफ्रिकेतही वापरतात, लाल रंग तिथेच सुरू होतो. पेठच्या मुलाला एक माप आणि तुर्कानाच्या मुलाला दुसरं, असं नाही. लॉकडाऊनमध्ये अंगणवाड्या बंद झाल्या, गरोदर बायांना मिळणारं अमृत आहार योजनेचं गरम जेवण थांबलं आणि कोरडा शिधा घरी गेला. तो घरातल्या सहा-सात जणांत वाटला जायचा, गरोदर बाईच्या ताटात किती येणार? वजनं घेणंही राहून गेलं.

पण एक सांगते. पेठचं नाव घेऊन दुसऱ्याला नाही म्हणू नका. वर्षभर आमची आठवण नसते आणि कोणी दुसऱ्या देशाचं नाव काढलं की लगेच आम्ही पुढे केले जातो, याचं वाईट वाटतं. आम्हाला द्यायचं असेल तर सरळ आम्हाला द्या. दोन पाड्यांवर वजनकाटे बंद पडले आहेत आणि बाळाची लांबी मोजायची फळी एकच आहे, ती डोक्यावरून न्यावी लागते.

मखमलाबादकर

ताई, तुमचं म्हणणं मान्य. वजनकाट्यांचे पैसे मी देतो, कुठे पोचवायचे ते कळवा. केनियाबद्दल माझं मत तेच आहे.

इंदिरानगरकर

ताई, फळी आणि राहिलेला खर्च आमच्याकडे लागला. फिटरदादा, वहिनींच्या मुलींच्या फीचं मंडळाच्या बैठकीत घेऊ, त्या दोघींची शाळा सुटता कामा नये. केनियासाठी सीए साहेबांनी सांगितलं तसं ज्याचं त्याने द्यायचं, मी आज दिले. बैठक रविवारी सहाला, मंडपाच्या जागी, मास्क लावून.

मखमलाबादकर

रविवारी येतो. पण केनियाचं आवाहन मंडळाच्या लेटरहेडवर निघणार नाही, हे बैठकीत लेखी नोंदवून घ्या.